एकेका पक्ष्याचा हिशेब: खाडीच्या अभ्यासात व्यक्ती-आधारित प्रारूप वापरावे का?

प्रश्न: चिखलवाट

सर्वांना नमस्कार. मी कोकणातल्या एका खाडीत हिवाळ्यात उतरणाऱ्या किनारी पक्ष्यांवर पीएच.डी. करते आहे. गेले तीन हिवाळे, नोव्हेंबर ते मार्च, महिन्यातून एकदा उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या) आणि एकदा भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या लहान) ओहोटीला मी चिखलपट्ट्यावर गणना करते. शिवाय दुर्बिणीतून एकेका पक्ष्यावर पाच-पाच मिनिटे नजर ठेवून त्याने किती घास घेतले, एक शिंपला उघडायला किती सेकंद लागले आणि शेजाऱ्याने तो हिसकावला का, याच्या नोंदी ठेवते. पट्ट्यातल्या तिसऱ्यांची, म्हणजे चिखलातल्या लहान शिंपल्यांची, घनता चौकट टाकून मोजलेली आहे. ओहोटीला तिसऱ्या आणि कालवे काढायला बायका किती येतात आणि कुठून कुठवर फिरतात, हेही लिहिलेले आहे.

खाडीच्या वरच्या अंगाचा पट्टा भराव टाकून धक्क्यासाठी घ्यायचा प्रस्ताव आहे. क्षेत्रफळ पाहिले तर तो एकूण चिखलपट्ट्याचा लहानसा भाग आहे. परंतु ओहोटीला तो सर्वांत आधी उघडा पडतो आणि भरतीला सर्वांत शेवटी बुडतो. प्रबंधाचे शेवटचे प्रकरण ‘हा पट्टा गेला तर पक्ष्यांचे काय होईल’ या प्रश्नावर असावे, असे माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे आहे आणि त्यासाठी त्यांनी इंडिव्हिज्युअल-बेस्ड मॉडेल सुचवले आहे. आराखड्यात आम्ही त्याला ‘व्यक्तिनिष्ठ प्रारूप’ म्हटले होते. त्यावर समितीतल्या एका सदस्यांनी, हे शास्त्र आहे की वैयक्तिक मत, असे विचारले आणि खोली हसली. तेव्हापासून मी ‘व्यक्ती-आधारित’ म्हणते. याहून चांगला शब्द कोणाला सुचला तर तोही सांगावा.

मला आजवर ठाऊक असलेली प्रारूपे समीकरणांची आहेत. त्यांत पक्ष्यांची एक संख्या, वाढीचा एक दर आणि परिसराची एक धारणक्षमता, म्हणजे तिथे जास्तीत जास्त किती पक्षी जगू शकतात तो आकडा, असते, आणि गणित कागदावर सुटते. इथे मात्र दोनशे-तीनशे पक्षी संगणकात एकेक करून ‘जगवायचे’, प्रत्येकाने कुठे चरायचे ते प्रत्येकाने ठरवायचे आणि हिवाळा संपल्यावर उरले किती ते मोजायचे. हे ऐकायला रम्य वाटते, पण व्हिडिओ गेमपेक्षा ते वेगळे कसे, हे मला स्वतःलाच अजून पटवता आलेले नाही. माझ्या एकाही पक्ष्याच्या पायात कडी नाही, म्हणजे आज पाहिलेला पक्षी कालचाच की दुसरा हे मला सांगता येत नाही. मग ‘व्यक्ती’ आणायची कुठून? पायथॉन मला कामापुरते येते. या वाटेने कोणी गेले असेल तर सविस्तर लिहावे, ही विनंती.


उत्तर: नदीमुख

चिखलवाट, तुमचा प्रश्न वाचून बरे वाटले, कारण बहुतेक जण आधी प्रोग्राम लिहितात आणि मग त्याला प्रश्न शोधतात. मी काही वर्षे इंग्लंडच्या नैऋत्येला, डेव्हनमध्ये राहत होतो आणि तिथल्या एक्झ नदीच्या मुखावर झालेले काम मी जवळून वाचले आहे. तुमच्या प्रश्नाचे मूळ घर तेच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

एक्झच्या मुखावर हिवाळ्यात ऑयस्टरकॅचर येतात. लांब नारिंगी चोचीचा हा काळा-पांढरा पक्षी तुमच्या किनाऱ्यावरही येतो. तिथे त्याचे मुख्य अन्न मसल, म्हणजे आपल्याकडे गोव्या-मालवणात ज्यांना शिनाणे म्हणतात, त्या जातीचे शिंपले. जॉन गॉस-कस्टर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून या पक्ष्यांना रंगीत कड्या घालून वर्षानुवर्षे पाहिले. त्यांना असे दिसले की काही पक्षी शिंपल्यावर हातोड्यासारखे ठोके मारून तो फोडतात, तर काही फटीतून चोच खुपसून आतला स्नायू कापतात. चोचीच्या टोकाचा आकारही त्याप्रमाणे बोथट किंवा अणकुचीदार होतो. त्यातच काही दांडगे असतात, ते दुसऱ्याने उघडलेला शिंपला हिसकावून खातात. गर्दी वाढली की दांडग्यांचे फारसे बिघडत नाही. दबकून राहणाऱ्यांचा घास मात्र कमी होतो, कारण त्यांचा निम्मा वेळ मान वर करून इकडेतिकडे बघण्यात जातो.

आता याचे गणित पाहा. समजा, एका पक्ष्याला दिवसाला १०० एकके अन्न लागते आणि खाडीत सरासरी १०५ मिळते. सरासरीवर चालणारे समीकरण म्हणेल की सगळे पोटभर जेवले. पण पक्ष्यापक्ष्यांत फरक आहे आणि त्याचे प्रमाण विचलन (सरासरीपासूनच्या फरकाचे माप) १० एकके आहे असे धरले, तर सामान्य वितरणाच्या तक्त्याप्रमाणे सुमारे ३१ टक्के पक्षी शंभराच्या खाली निघतात. पट्टा गेला आणि सरासरी १०५ ची १०० झाली, तर उपाशी राहणारे ५० टक्के होतात. सरासरीत पाच टक्क्यांचाही फरक नाही असे कोणी म्हणेल, पण पंगतीत शेवटी बसणाऱ्याला तो फरक विचारा. अर्थात वास्तवात चरबीचा साठा असतो, एक दिवस कमी पडले म्हणून कोणी मरत नाही, आणि उपाशी पक्षी जागा बदलतो. हा साठा आणि ही जागाबदल हिशेबात धरायची म्हणूनच एकेका पक्ष्याचे खाते उघडावे लागते.

ही कल्पना नवी नाही. १९७२ मध्ये बॉटकिन आणि सहकाऱ्यांनी जंगलातल्या एकेका झाडाची वाढ आणि मरण मोजणारे जाबोवा नावाचे प्रारूप मांडले. १९८० च्या सुमारास डीअँजेलिस यांनी एकाच वयाच्या बास माशांच्या पिलांवर असे दाखवले की सुरुवातीचा आकारातला किंचित फरक पुढे इतका वाढतो की मोठी पिले लहानांना गिळू लागतात. सरासरी लांबीच्या समीकरणातून ही गोष्ट कधीच निघत नाही. १९८८ मध्ये ह्यूस्टन, डीअँजेलिस आणि पोस्ट यांनी मुद्दा स्वच्छ मांडला: जुनी समीकरणे सर्व जीव सारखे मानतात आणि प्रत्येकाचा प्रत्येकाशी संबंध येतो असे धरतात, आणि निसर्गात या दोन्ही गोष्टी खऱ्या नसतात.

तुमच्या ‘गेम’वाल्या शंकेला माझ्या मते खरे उत्तर वेगळ्या ठिकाणी आहे. धारणक्षमतेचा आकडा तुम्ही आजच्या खाडीत मोजता. उद्या भराव पडला की ती खाडी राहत नाही, मग तो आकडा तिथे कसा लावणार? पक्ष्याचा हेतू मात्र भरावामुळे बदलत नाही. कमी धोक्यात जास्त अन्न मिळेल तिथे जायचे, हे तो आजही करतो आणि उद्याही करील. गॉस-कस्टर्ड आणि रिचर्ड स्टिलमन यांनी प्रारूपाचा पाया या निर्णयनियमावर घातला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या हिवाळ्यांवर त्यांनी ते बेतले, आणि नंतरच्या दशकात एक्झवर पक्षी वाढले तेव्हा मृत्युदर कसा वाढायला हवा ते त्यातून काढून प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहिले. प्रारूपाने न पाहिलेल्या परिस्थितीत त्याला उभे करण्याची ही रीत मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

तुमच्या भरावाच्या अगदी जवळचे उदाहरण वेल्समधले आहे. कार्डिफच्या उपसागरावर बांध घालून नोव्हेंबर १९९९ मध्ये तिथला चिखलपट्टा कायमचा पाण्याखाली गेला. तिथे हिवाळा काढणाऱ्या रेडशँक पक्ष्यांना आधीच कड्या घातलेल्या होत्या. ते शेजारच्या ऱ्हिम्नी नदीच्या मुखावर गेले. कोणी म्हणेल, गेले तर गेले, जागा मिळाली ना. पण त्यांच्यातल्या प्रौढांचे वर्षभर जगून राहण्याचे प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांवरून ७८ टक्क्यांवर आले. नुसती गणना केली असती तर ‘पक्षी शेजारी सरकले’ एवढेच दिसले असते. पुढे याच प्रसंगावर व्यक्ती-आधारित प्रारूप चालवून पाहिले, तेव्हा मृत्युदरातली वाढ त्यातूनही निघाली.

तिसऱ्या काढणाऱ्या बायकांच्या नोंदी तुमच्याकडे आहेत, त्या टाकून देऊ नका. फ्रान्समधल्या सोम नदीच्या उपसागरावर याच पद्धतीने असे काढले गेले की ज्या हिवाळ्यात अन्न मुबलक असते तेव्हा ऑयस्टरकॅचर तासाला एक ते दीड वेळा उडवले गेले तरी निभावतात, पण वाईट हिवाळ्यात ती मर्यादा तासाला ०.२ ते ०.५ इतकी खाली येते. हे आकडे जसेच्या तसे कोकणात आणता येणार नाहीत. मात्र ‘किती वेळा उठवले तर चालेल’ हा प्रश्न आकड्यात विचारता येतो, हे त्यातून कळते.

एक महत्त्वाचा फरक ध्यानात ठेवा. एक्झवरचा पक्षी थंडीने आणि उपासमारीने मरतो. तुमच्याकडे जानेवारीत त्याला गारठ्याचे भय नाही. तुमच्या पक्ष्याची परीक्षा मार्चच्या सुमारास आहे, जेव्हा उत्तरेकडच्या लांब उड्डाणासाठी त्याला अंगावर चरबी चढवायची असते. म्हणून ‘किती मेले’ यापेक्षा ‘पुरेसे वजन घेऊन किती निघाले’ हे तुमच्या प्रारूपाचे उत्तर असावे, असे मी सुचवीन.


उत्तर: सहविचलन

वरील विवेचनाशी मी बराचसा सहमत आहे, तरीही संख्याशास्त्र शिकवणारा माणूस म्हणून थोडा खोडा घालतो.

नदीमुख यांच्या उदाहरणातले १० एककांचे विचलन हाच सगळ्याचा कणा आहे. चिखलवाट, ते विचलन तुम्ही कुठून आणणार? पाच मिनिटांच्या नोंदींमधून? त्या नोंदींत एका पक्ष्याने चार शिंपले खाल्ले आणि दुसऱ्याने एकच, म्हणजे पहिला हुशार आणि दुसरा मंद असे ठरत नाही. कदाचित पहिल्याला त्या पाच मिनिटांत चांगला चिखल लागला असेल आणि पुढच्या पाच मिनिटांत पाळी उलटली असेल. फरक जर नशिबाचा असेल तर सहा तासांच्या चरण्यात तो विरून जातो आणि सगळे पक्षी सरासरीच्या आसपास येऊन बसतात. फरक जर पक्ष्याच्या अंगचा असेल तर तो दिवसामागून दिवस साचत जातो आणि तोच पक्षी उपाशी राहतो. पहिल्या स्थितीत तुमच्या प्रारूपाला व्यक्तीची गरजच नाही, दुसऱ्या स्थितीत तिच्यावाचून चालणार नाही, आणि तुमच्या सध्याच्या नोंदींत हे दोन्ही फरक एकमेकांत कालवलेले आहेत.

ते वेगळे करायला सर्वांनाच कड्या घालाव्या लागत नाहीत. वीस-पंचवीस पक्षी जरी ओळखता आले आणि प्रत्येकाच्या दहा-बारा नोंदी वेगवेगळ्या दिवशी मिळाल्या, तरी एका पक्ष्यातला चढउतार आणि पक्ष्यापक्ष्यांतला फरक स्वतंत्रपणे काढता येतो. कड्या घालायला वनविभागाची परवानगी आणि प्रशिक्षित माणूस लागतो. मुंबईच्या बीएनएचएसकडे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) या कामाचा दीर्घ अनुभव आहे, तिथे विचारून पाहा. ते जमेपर्यंत चोचीचे टोक, तुटलेले बोट, पिसांतला एखादा ठिपका अशा खुणांवरून काही पक्षी ओळखता येतात का, ते बघा. एवढेही न जमल्यास निदान पाच मिनिटांऐवजी एकाच पक्ष्यावर अर्धा तास बसा आणि मिनिटागणिक नोंद करा.

दुसरी गोष्ट चाचणीची. बारा-पंधरा अचल, म्हणजे आपणच ठरवून घालायचे आकडे, असलेले कोणतेही प्रारूप पिळून-पिळून एका आलेखावर बसवता येते, त्यात कौशल्य काही नाही. त्यामुळे मी विद्यार्थ्यांना नेहमी एक जुळे प्रारूप करायला सांगतो: सगळे तेच, फक्त प्रत्येक पक्ष्याच्या जागी सरासरी पक्षी. दोन्हींचे उत्तर सारखे आले तर मोठे प्रारूप बाजूला ठेवावे आणि साधे समीकरण छापावे. यात कमीपणा नाही.

आणि एक विनंती. प्रारूप हजार वेळा चालवून ‘भरावाचा परिणाम सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय आहे’ असे कृपया लिहू नका. संगणकात नमुन्याचा आकार तुमच्या हातात असतो. हजाराऐवजी लाख वेळा चालवलेत तर नगण्य फरकही लक्षणीय ठरेल. फरक किती आहे आणि कोणता अचल हलवला की तो किती बदलतो, एवढेच सांगा.


प्रतिसाद: चिखलवाट

दोघांचेही मनापासून आभार. या तीन आठवड्यांत मी एक अगदी लहान प्रारूप लिहिले: दोनशे पक्षी, चिखलाचे सहा तुकडे, एक तासाची पायरी आणि प्रत्येक पक्ष्याला अन्नाची व चरबीची एकेक नोंद. सर्व पक्षी हुबेहूब सारखे ठेवले होते, कारण सहविचलन सरांचे जुळे प्रारूप आधी करावे असे ठरवले.

चालवल्यावर धक्काच बसला. सारखेच असलेले पक्षी असमान मरत होते. काही गुबगुबीत, काही पहिल्या पंधरवड्यातच संपलेले, आणि वितरण इतके सुरेख की क्षणभर वाटले, वर्चस्वाची उतरंड आपोआपच उगवली! मार्गदर्शकांना उत्साहाने आलेख पाठवलासुद्धा. रात्री मेलेल्यांचे क्रमांक काढून पाहिले, तेव्हा जवळजवळ सगळे १५० च्या पुढचे निघाले. कारण साधे होते. मी पक्षी एका यादीत ठेवले होते आणि दर तासाला त्या यादीतून पहिल्यापासून शेवटपर्यंत जात होते. पहिला क्रमांक रोज पहिल्या पंगतीला बसत होता, दोनशेवा रोज उष्ट्याखरकट्यावर. दर तासाला यादी पिसून घेतल्यावर उतरंड नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी मार्गदर्शकांना दुसरा मेल लिहिणे हे प्रोग्रामपेक्षा कठीण गेले.

आता प्रश्न असा की खरा पक्षीही कधी आधी येतो, कधी नंतर. मग क्रम कोणता खरा? तसेच, चिखलाच्या सहा तुकड्यांवर पक्ष्यांची वाटणी मी माझ्या गणनेतल्या प्रमाणात करून दिली आहे. ते बरोबर आहे ना?


उत्तर: झाडीपट्टी

ताई, मी पक्ष्यांतला नाही. चंद्रपूरकडच्या जंगलात ट्रॅप कॅमेऱ्यांच्या कामावर असतो, पण तुमच्या शेवटच्या ओळीवर थांबलो, कारण वाघांच्या बाबतीत नेमकी हीच चूक करून आम्ही एक अख्खा पावसाळा घालवला होता. आम्ही कॅमेऱ्यांवरून प्रत्येक वाघिणीची हद्द नकाशावर आखली, ती प्रारूपात घातली आणि नंतर प्रारूपाने हद्दी ‘अचूक’ दाखवल्या म्हणून आनंद मानला. आपणच टाकलेले नाणे आपल्यालाच सापडले, असला तो प्रकार.

नेपाळच्या चितवनमधल्या वाघांवर नील कार्टर आणि सहकाऱ्यांचे २०१५ चे प्रारूप आहे, ते त्यानंतर वाचनात आले. त्यात हद्द कुठेही आखून दिलेली नाही. वाघीण आपल्या भोवतालचे चौकोन एकेक करून जोडत जाते, पुरेसे भक्ष्य मिळाले की थांबते, आणि शेजारणीशी गाठ पडली तर दबते किंवा दाबते. नर भक्ष्यामागे न जाता माद्यांच्या हद्दींवर आपली हद्द पसरतो. नवा नर आला की आधीच्याचे बछडे मरण्याचा धोका असतो. एवढ्या नियमांवरून हद्दींचा आकार आणि संख्या निघते, आणि मग ती चितवनमधल्या जुन्या, दीर्घकाळच्या नोंदींशी ताडली जाते. भक्ष्य कमी केले की हद्दी आपसूक फुगतात. आमच्या नकाशात त्या कधीच फुगल्या नसत्या, कारण त्या आम्हीच गोठवल्या होत्या. तुमची पक्ष्यांची वाटणीही तशीच गोठवलेली दिसते. भराव पडल्यावर तो पक्षी कुठे जाईल, हे तिला विचारता येणार नाही.

लहान संख्येत व्यक्तीचा हिशेब का लागतो, हे वाघांकडे लगेच कळते. एका तुटक जंगलात पाच बछडे मोठे झाले तर पाचही एकाच लिंगाचे असण्याची शक्यता सोळात एक आहे. पन्नास वाघांच्या जंगलात याने काही बिघडत नाही, पण दोन वाघिणींच्या जंगलात सगळेच त्यावर अवलंबून असते, आणि सरासरी तर ‘अडीच नर, अडीच माद्या’ असे सांगून मोकळी होते.

फिरण्याचेही तसेच आहे. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला रेडिओ कॉलर घातलेला तरुण नर पाहा. तो मराठवाडा, तेलंगणा असा भटकत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला आणि त्याची एकूण चाल सुमारे ३००० किलोमीटर भरली. सरासरी भ्रमणाच्या प्रारूपात असला वाघ चुकीची नोंद म्हणून गाळला जातो. पण दोन जंगलांतले रक्त एक ठेवणारा असाच एखादा असतो. मध्य भारतातल्या वाघांच्या जनुकांवर बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत उमा रामकृष्णन यांच्या गटाने २०१८ मध्ये काम प्रसिद्ध केले. त्यात एकेक वाघ जन्मतो, फिरतो, जोडी जमवतो आणि मरतो अशा प्रारूपाने पुढच्या शतकापर्यंत पाहिले आहे. जमिनीचा वापर बेबंद बदलत राहिला तर नुसती वाघांची संख्या वाढवून नामशेष होण्याचा धोका फारसा हटत नाही. मधली जंगले आणि भ्रमणमार्ग राखले तर बराच हटतो, असा त्याचा रोख आहे. आमच्या बीटवरच्या वनरक्षकांना हे प्रारूपाशिवायच ठाऊक होते, हे खरे. पण बैठकीत त्यांचे म्हणणे कोणी लिहून घेत नाही.

तेव्हा ताई, वाटणी काढून टाका, पक्ष्यांना स्वतः जागा निवडू द्या, आणि तुमची गणना पेपर तपासायला राखून ठेवा.


उत्तर: नदीमुख

झाडीपट्टी यांनी माझे अर्धे काम केले. त्यांनी जे सांगितले त्याचा पाया फोल्कर ग्रिम, स्टीव्हन रेल्सबॅक आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडला: प्रारूपाला एकाच आकड्याशी न जुळवता, आत न घातलेल्या अनेक साध्या आकृतिबंधांशी एकाच वेळी ताडावे. एक चाळणी कोणीही पार करतो. निरनिराळ्या भोकांच्या चार चाळण्यांतून चुकीचे प्रारूप सहसा निसटत नाही.

क्रमाविषयी: तुमची चूक फार जुनी आणि फार सन्माननीय आहे. २००६ मध्ये ग्रिम आणि इतरांनी अशी प्रारूपे लिहून काढण्याचा जो ओडीडी नावाचा ठरावीक साचा मांडला, त्यात कोण कधी काय करतो याच्या वेळापत्रकाला स्वतंत्र जागा आहे, ती यासाठीच. नेटलोगो ही मोफत प्रणाली वापरलीत तर ती दर पायरीला क्रम आपोआप पिसते. पायथॉनमध्ये ते आपणच करायचे. दांडगाई दाखवायची असेल तर तिला यादीतल्या क्रमात लपवू नका. प्रत्येक पक्ष्याला एक स्पष्ट दर्जा द्या आणि तुमच्या हिसकावण्याच्या नोंदींवरून तो बेता. म्हणजे कोणी विचारले तर बोट दाखवता येईल.

आता वाटणी काढल्यावर तपासायचे कशाशी, तर तुमच्या हातात एक सुंदर प्रयोग आयता पडलेला आहे आणि तुम्ही त्याचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात करून पुढे गेला आहात. भांगाच्या दिवशी पाणी फार मागे हटत नाही आणि फार पुढेही येत नाही. खालचा पट्टा उघडाच पडत नाही, वरचा मात्र बराच काळ उघडा राहतो. म्हणजे निसर्ग दर पंधरवड्याला तुमच्या पक्ष्यांचा खालचा पट्टा काढून घेतो आणि पुन्हा देतो. प्रारूप फक्त उधाणाच्या नोंदींवर बेता. मग त्यात भांगाचे पाणी सोडा आणि पक्षी वरच्या पट्ट्यावर किती दाटतात, हिसकावणे किती वाढते, उठवलेले पक्षी किती वेळात परततात, हे तीन आकडे प्रत्यक्ष नोंदींशी लावून पाहा. जुळले तरच भराव टाका, संगणकातल्या खाडीत.

आणि भराव टाकल्यावर महिन्याची सरासरी पाहू नका. वरचा पट्टा गेला की उधाणाच्या दिवशी कदाचित काहीच जाणवणार नाही. भांगाचे लागोपाठ तीन-चार दिवस पाहा, तेव्हा खालचा पट्टा पाण्याखाली आणि वरचा भरावाखाली असेल. मार्चमधल्या त्या दिवसांत दबकून राहणाऱ्या पक्ष्याच्या अंगावरची चरबी कोणत्या दिशेने जाते, तिथे तुमचे प्रकरण आहे.


प्रतिसाद: चिखलवाट

भांगाच्या पंधरा फेऱ्यांच्या नोंदी आजच वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या आणि त्याचा पासवर्ड मार्गदर्शकांना ठरवायला सांगितला, म्हणजे अधूनमधून डोकावण्याचा मोह होणार नाही. सहविचलन सरांच्या सांगण्याप्रमाणे काल अर्ध्या तासाची पहिली बैठक केली. निवडलेला ऑयस्टरकॅचर अठराव्या मिनिटाला तिसऱ्या काढणाऱ्या एका आजींच्या टोपलीमागे गेला आणि पुढची सात मिनिटे दिसलाच नाही. ही सात मिनिटे नोंदीत रिकामी ठेवायची, की तो तिथे चरत होता असे धरायचे?


उत्तर: सहविचलन

रिकामी ठेवा. आणि आजी तिथे होत्या, हे शेजारच्या रकान्यात लिहा.